खुराड्यावरचा धोंडा

अन्याय दोघांवर झाला. खुटबावच्या शिवारात वस्ती करून राहणाऱ्या एक आक्का. त्यांच्या देव्हाऱ्यातली देवी तुळशीच्या लग्नाच्या दिवशी दुपारी चोरीला गेली. आणि त्याच शिवाराच्या कडेला असलेल्या पारधी वस्तीवरचा एक तरुण. त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी, रांजणगावच्या कारखान्याची पहिल्या पाळीची बस यायच्या आत, रस्त्यावरून उचलून ठाण्यात आणलं. ती सकाळ माझ्या डोक्यातून गेलेली नाही. जाऊ नये असंच मला वाटतं.

माणसांची नावं लिहीत नाही. ठाणं कुठलं तेही सांगत नाही. मी तिथे उपनिरीक्षक होते. पुढे राजीनामा दिला. पोलिसांच्या आठवणी सहसा पांढऱ्या केसांचे अधिकारी लिहितात, माझे केस अजून काळे आहेत. तेव्हा हा आगाऊपणा वाटला तर वाटू द्या.

आधी देवीबद्दल. आक्कांच्या मालकांनी विहीर खणली तेव्हा काळ्या खडकात सुरुंगानंतर एक पोकळी उघडली. तिच्यात हिरवट, काचेसारखे खडे होते आणि त्यांच्याखाली फिकट गुलाबी, गव्हाच्या पेंढीसारखे बांधलेले स्फटिक. आपल्या दख्खनच्या खडकात असे खजिने सापडतात. पोकळीच्या खाली हातभर गेले आणि विहिरीला पाणी लागलं. मग काय, तो स्फटिकांचा झुबका घरात आला तो देवी होऊनच. दरवर्षी रब्बीचं पहिलं पाणी सोडायच्या आधी तिला हळद-कुंकू. रोज संध्याकाळी पुढ्यात निरंजन. मालक गेले, देवी राहिली.

चोरी झाली तेव्हा आक्का कांद्याच्या लागणीला वावरात होत्या. दाराला नुसती कडी. फिर्याद द्यायला त्या पुतण्याला घेऊन आल्या. ठाणे अंमलदाराने नेहमीचे प्रश्न विचारले. काय गेलं, कधी गेलं, संशय कोणावर?

आक्का म्हणाल्या, "म्या काय बगितलंय व्हय? मी वावरात."

पुतण्या म्हणाला, "वस्ती जवळच हाय की पारध्यांची."

एवढंच. त्याने कुणाचं नाव घेतलं नाही, कुणाला पाहिलं नव्हतं. पण फिर्यादीत वाक्य पडलं, 'शेजारील वस्तीवरील इसमांवर संशय आहे.' आक्कांना वाचता येत नाही, त्यांनी अंगठा दिला. कुणी वाचून दाखवलं नाही.

गुन्हे शोध पथकाला खबर लागायला वेळ लागला नाही. खबऱ्या म्हणजे चौकात बसणारा एक इसम. तो म्हणाला, वस्तीवरच्या अमक्याच्या हातात नवा मोबाइल आलाय. पथकाला तेवढं पुरलं. मोबाइल आला होता हे खरं. त्या तरुणाला कंत्राटदारामार्फत कारखान्यात काम मिळालं होतं आणि तो पहिल्या पगारातून घेतला होता. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकवून घराबाहेर पडणारा तो त्या वस्तीवरचा पहिलाच माणूस. त्या ओळखपत्रासाठी चारित्र्य पडताळणी लागते, आणि ती आमच्याच ठाण्यातून झाली होती. म्हणजे ज्या ठाण्याने हा माणूस स्वच्छ आहे असं लिहून दिलं, त्याच ठाण्याने त्याला गळ्यातल्या ओळखपत्रासकट गाडीत घातलं.

त्याचं काय पणाला लागलं होतं ते इथेच सांगते, म्हणजे पुढचं समजेल. कंत्राटी कामगाराला अटक झाल्याचं कळलं की गेट पास जातो. गेलेला गेट पास परत मिळत नाही.

पथकाने अटक दाखवली, पोलीस कोठडी घेतली. गुन्हा 'उघड' झाला. फक्त मुद्देमाल मिळेना. तेव्हा साहेबांनी कागद माझ्याकडे टाकले. म्हणाले, "बाकी सगळं झालंय. दगड तेवढा काढून घ्या."

मी त्या तरुणाला पुढ्यात बसवलं. तो खाली फरशीवर बसत होता, मी बाक दाखवला. बाकावर बसताना तो कण्हला. का कण्हला ते मला विचारावं लागलं नाही.

"काय चोरलंस?"

"दगूड."

"कसा होता?"

"तुमी सांगाल तसा, मॅडम."

"मी नाही सांगणार. तू सांग."

पथकातले हवालदार मामा दारात उभे होते. तो त्यांच्याकडे बघून म्हणाला, "पांढरा व्हता. कालव्यात टाकलाय म्हनलो ना मामा."

कालव्यातून पथकाने एक पांढरा दगड काढलेलाही होता. टेबलाखाली पडलेला. साधी गारगोटी. मामांनीही ती आक्कांना दाखवायचं धाडस केलं नव्हतं.

"देव्हाऱ्यातून अजून काय नेलंस?" मी विचारलं.

त्याला वाटलं, मी काहीतरी मागते आहे आणि ते दिलं की सुटका होईल. विचार करून म्हणाला, "निरंजन."

मी मामांकडे पाहिलं. निरंजन चांदीचं होतं आणि ते चोरीला गेलंच नव्हतं. पंचनाम्यात ते जागेवर असल्याचं स्वच्छ लिहिलेलं होतं. खोटं बोलणारा माणूस स्वतःला वाचवायला बोलतो. हा आम्हाला खूश करायला बोलत होता.

"मॅडम, हे लोक असेच फिरवतात," मामा म्हणाले. "तुम्ही इथे नव्या आहात."

"मामा, फिरवतोय कोण ते बघू."

मी गाडी काढून आक्कांच्या वस्तीवर गेले. घटनास्थळाचा पंचनामा झालेला होता, पण पंचनामा वाचून जागा कळत नाही. आक्का अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. मला बघून पहिलं वाक्य, "पोरी, माजा धोंडा घावला का?"

"देवी ना, आक्का?"

"देवी बी आन् धोंडा बी. खुराड्यावरचा. तवाच सांगितलं त्या लिवणाऱ्याला. तो हसला मला. म्हनला, म्हातारे, धोंडा लिवू का आता?"

खुराडं म्हणजे विटांचे तीन थर आणि वर पत्र्याचं झाकण. मुंगूस झाकण उचलतं, म्हणून त्यावर वर्षानुवर्षं एक काळा ओबडधोबड दगड असायचा. तोही त्याच विहिरीतून आलेला. आता त्या जागी पत्र्याला एक खोलगट पोचा राहिला होता आणि वर आक्कांनी जातं ठेवलं होतं.

"मुंगसानं दोन कोंबड्या नेल्या म्हंजी कळंल तुमास्नी," त्या म्हणाल्या.

मी अंगणात उभी राहून हिशोब मांडला. चोर घरात शिरतो. चांदीचं निरंजन सोडतो, देवी उचलतो. इथपर्यंत समजू शकते, देवी चमकते. पण बाहेर पडताना खुराड्यावरचा मळकट, कोंबड्यांनी घाण केलेला, उचलायला जड असलेला काळा दगडही नेतो. का? माझ्या सगळ्या नोकरीत मी धोंडा चोरणारा चोर पाहिला नव्हता. आणि कोठडीतल्या माणसाला या धोंड्याचा पत्ताच नव्हता. तो फिर्यादीत नव्हता, म्हणून पथकाला माहीत नव्हता. पथकाला माहीत नव्हता, म्हणून त्याच्या कबुलीतही नव्हता.

"आक्का, देवी बघायला कुणी परकं आलं होतं का?"

"आलते की दगडवाले. शिरूरकडचे. ह्या बाबानं फोटू टाकला ना मोबाइलात." पुतण्या खाली मान घालून उभा होता. "पाटीवर पिशव्या, हातात हातुडी. एक बाई बी व्हती. भिंग लावलं, देवीला बगितलं, च्या पिऊन गेले. चांगली मानसं. एक सर व्हते, चष्म्याला दोरी बांदलेले, त्ये मातर तितं खुराड्यापाशी बसून ऱ्हायले. म्या म्हनलं, सर, अंडी पायजेल का?"

"मग?"

"हसले. मागनं दोनदा आलते ते सर. देवी द्या म्हनले. म्या म्हनलं, देवी कुनी देतं का?"

शिरूर भागात असा क्लब आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. दर रविवारी चार-सहा माणसं विहिरींच्या, खाणींच्या कडेचे ढिगारे आणि घोड-भीमा नद्यांचे काठ धुंडाळतात. आणि महिन्यातून एकदा जमून एकमेकांना दगड दाखवतात. पुतण्याकडे त्यांच्यातल्या बाईंचा नंबर होता. त्या शिकवण्या घेत आणि बैठक त्यांच्याच क्लासच्या हॉलमध्ये होई. मी फोन करून म्हटलं, मला दगडांची आवड आहे, येऊ का? त्या इतक्या आनंदल्या की मलाच कसंतरी झालं.

त्या महिन्याची बैठक येत्या रविवारीच होती. साध्या कपड्यांत गेले. बाकांवर वर्तमानपत्रं, त्यावर अंड्यांचे ट्रे, प्रत्येक खळग्यात कापसावर एकेक स्फटिक. कोपऱ्यात एक दाताचे डॉक्टर नदीकाठच्या मुरमातून आलेली कुठल्याशा प्राचीन जनावराची दाढ दातांच्याच हत्यारांनी साफ करत होते. म्हणाले, "हा पेशंट बरा. ओरडत नाही." माणसं खरोखर चांगली होती. हे मी मुद्दाम लिहिते. वाईट माणसं वाईट दिसतात अशी आपली एक सोयीची समजूत असते.

बाईंनी मला रीत समजावून दिली. दगड उचलायचा तो खालून, काळ्या खडकाला धरून. खड्याला बोट लावायचं नाही. खाली स्वतःचा खडक असलेला नमुना पूर्ण, नुसते खडे म्हणजे तोडून आणलेली फुलं. आणि कुणी नवा नमुना मांडला की बाकीच्यांनी एकच प्रश्न विचारायचा, "कुठला?" सांगणाऱ्याने गाव सांगायचं आणि विहीर, खाण की नदी तेही. खोटं गाव सांगणं या लोकांत सगळ्यात हलकं काम. ज्या दगडाचं गाव ठाऊक नाही तो खिडकीतल्या ट्रेमध्ये जातो. त्या ट्रेला ते 'बेवारस' म्हणत. कितीही देखणा असो, बेवारसमध्ये गेलेल्या दगडाकडे कुणी बघत नाही.

"एवढं काय गावाचं?" मी विचारलं.

"अहो, गाव काढून घेतलं तर उरतं काय? चमकणारी वस्तू," बाई म्हणाल्या. "ती तर काचेचीही असते."

शेवटी क्लबचे सचिव उठले. निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना सर म्हणत. आक्कांनी वर्णन केलेले सर हेच, हे मला त्यांच्या चष्म्याच्या दोरीवरून आधीच कळलं होतं. त्यांनी जुन्या धोतराच्या मऊ फडक्यातून एक नमुना काढून टेबलावर ठेवला. काळ्या खडकाच्या वाटीत गुलाबी पेंढ्या आणि त्यांच्यावर हिरवे खडे, पाण्यासारखे स्वच्छ. सगळे उठून टेबलाभोवती जमले. कुंकू नाही, काजळी नाही. त्यांच्यापैकी काहींनी हीच देवी आक्कांच्या घरी पाहिली होती, पण ती कुंकवाने तांबडी आणि काजळीने काळी. त्यांनी ओळखली नाही.

दाताच्या डॉक्टरांनी रीतीप्रमाणे विचारलं, "कुठला, सर?"

सर फडक्याची घडी घालत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. जळगाव म्हणाले असते, नाशिक म्हणाले असते, तरी कुणी शंका घेतली नसती. मी हात चोळत घरी आले असते. पण त्यांच्याच्याने ते होईना. त्या दगडाचं गाव खोटं सांगणं म्हणजे त्याला आपल्या हाताने बेवारस ट्रेमध्ये टाकणं.

"खुटबाव," ते म्हणाले. "विहीर."

बाई चटकन म्हणाल्या, "आक्कांचा? दिला त्यांनी?"

"दिला शेवटी."

हे मात्र ते सहज बोलले.

मी म्हटलं, "सर, खालचा काळा खडक किती छान बसलाय."

त्यांचा चेहरा उजळला. गुन्हेगाराचा चेहरा असा उजळत नाही, छंदिष्टाचा उजळतो. "तीच तर गंमत आहे! हे दोन तुकडे वेगळे पडले होते. ह्याचाच हा. सांधा बघा, केसाएवढी फट नाही. वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही."

"कुठे होता हा?"

"कोंबड्यांच्या खुराड्यावर. विश्वास बसेल का तुमचा?"

"बसतो," मी म्हटलं आणि ओळखपत्र टेबलावर ठेवलं. "आक्कांनी दिला म्हणता. मग आक्कांनी चोरीची फिर्याद कशाची दिली?"

दाताच्या डॉक्टरांनी हातातलं हत्यार खाली ठेवलं.

ठाण्यात सरांना खुर्ची मिळाली. चहा मिळाला. मामांच्या मुलाला त्यांनी शिकवलं होतं. मामा त्यांना 'सर' म्हणत होते आणि अधूनमधून पंख्याचा वेग वाढवत होते. पलीकडे कोठडीत तो तरुण बसलेला होता. त्याला सर दिसत होते, सरांना तो दिसत होता.

जबाबात सरांनी काही लपवलं नाही. म्हणाले, "मी चोरलं नाही, वाचवलं. हळद, कुंकू, तेलाची काजळी. मरत होता तो नमुना तिथे. त्यांना काय कळतंय त्यातलं? मी किती हळू धुतलाय तो."

"देवी होती ती त्यांची."

"दगड आहे तो, मॅडम."

"कुणाचा?"

मग मी कोठडीकडे बोट केलं. "याला पकडल्याचं तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी. मोबाइलवर आलं होतं."

"मग?"

सरांनी चष्मा पुसला. "मला वाटलं, सोडतील दोन-चार दिवसांत. त्यांना सवय असते हो."

इतक्या वर्षांत मी शिव्या ऐकल्या, धमक्या ऐकल्या. या वाक्याच्या जवळपासही त्यातलं काही येत नाही. त्यात राग नव्हता. तुच्छतासुद्धा नव्हती. पाऊस पडला की जमीन ओली होते, तसं बोलले.

आता ओळख पटवण्याचं काम. आक्कांना बोलावलं. नमुना पुढे ठेवला. त्यांनी खूप वेळ पाहिलं आणि मान हलवली.

"ही न्हाई माजी. माजी तांबडी व्हती. हिला तर कायच न्हाई."

सर खुर्चीत सावरून बसले. मामा म्हणाले, "बघा मॅडम, फिर्यादीच नाही म्हणते." पोलिसांपुढचा जबाब कोर्टात टिकत नाही. फिर्यादीने नाही म्हटलं तर गुन्हा पुन्हा पहिल्या आरोपीवर जाऊन बसणार, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. कोठडीचे गज धरून तो उभा राहिला होता.

आक्कांनी पदराने हात पुसला आणि नमुना उलटा केला. खालच्या काळ्या बाजूवरून तळवा फिरवला, कणकेच्या गोळ्यावरून फिरवतात तसा.

"थांब. ह्यो माजा. खुराड्यावरचा. देवी न्हाई वळकत मी, धोंडा वळकते. रोज उचललाय, सकाळ-संध्याकाळ." मग मामांकडे बघून, "म्हातारे, धोंडा लिवू का म्हनत हुता न्हवं तुमचा मानूस? लिवा आता."

पंचांसमक्ष नमुना वस्तीवर नेला आणि खुराड्याच्या झाकणावर ठेवला. पत्र्यातल्या पोच्यात तो असा बसला की हलवला तरी हलेना. पंचनाम्यात यावेळी धोंडा आला. स्वतंत्र परिच्छेदात आला.

त्या तरुणाविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल मी पाठवला. तो सुटला. सुटताना त्याने एवढंच विचारलं, "मॅडम, कंपनीत सांगाल का?"

मी सांगितलं. कंत्राटदाराला फोन केला, मग पत्र दिलं, मग स्वतः गेले. तो नम्रपणे म्हणाला, "मॅडम, मान्य आहे, त्याने काही केलं नाही. पण नाव आलं ना. वरून विचारतात, नाव कसं आलं? मी काय सांगू?" गेट पास गेला तो गेलाच. तो तरुण आता ऊसतोडीला जातो, वस्तीवरच्या इतरांसारखा. सरांना जामीन मिळाला. आक्कांची देवी जप्तीतला मुद्देमाल म्हणून बरेच दिवस ठाण्यात होती. शेवटी कोर्टाच्या आदेशाने परत मिळाली. सरांनी तिला काळ्या खडकाला असं चिकटवलंय की सुटत नाही. त्यामुळे देव्हाऱ्यात आता देवी आणि धोंडा दोन्ही आहेत, आणि दोघांनाही कुंकू लागतं. खुराड्यावर जातं आहे.

शिरूरच्या क्लबमधल्या बाईंचा नंतर फोन आला होता. त्यांनी रीत बदलली आहे. नवा नमुना मांडला की आता दोन प्रश्न विचारतात, "कुठला?" आणि "कुणाचा?" दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो दगड टेबलावर येत नाही. हौशी माणसांचा क्लब एका रविवारात स्वतःला दुरुस्त करू शकला. आमच्या खात्यात तसं झालं नाही. पुढच्या चोरीला पथकाची गाडी पुन्हा त्याच वस्तीकडे वळली. कागदावर पुन्हा तेच वाक्य होतं, फक्त अंगठा दुसऱ्या कुणाचा.

या गुन्ह्याने मला काय शिकवलं? मारहाण कोठडीत होते, पण तिची सुरुवात ठाण्याच्या टेबलावर होते. 'संशय कोणावर?' हा प्रश्न विचारला जातो आणि फिर्याद द्यायला आलेला साधा, सज्जन, घाबरलेला माणूस काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो. वस्ती जवळच आहे की. तेवढ्या चार शब्दांत त्या पोराची नोकरी गेली. ते शब्द ना पोलिसांचे होते, ना चोराचे. ते तुमच्या-आमच्यासारख्याचे होते.

म्हणून तुम्हाला सांगते, विनंती म्हणून नाही. कधीतरी तुमच्याही घरी चोरी होईल, तुम्हीही त्या टेबलासमोर बसाल. संशय कोणावर, असं विचारलं आणि तुम्ही डोळ्यांनी कुणाला पाहिलं नसेल, तर म्हणा, "कुणावर नाही." नुसतं म्हणून उठू नका. तसंच लिहायला लावा. लिहिलेलं वाचा, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून घ्या. एखाद्या वस्तीचं, जातीचं नाव त्यात घुसलेलं दिसलं तर ते खोडायला लावा. खोडेपर्यंत सही करू नका.